एमटीबीवाला खडी फोडायला निघतो तेव्हा

उतारप्रेमी
६ जानेवारी, रात्री ९:५२

सहा-सात वर्षं एमटीबी (माउंटन बाइक) चालवतोय. सूस, पाषाण, लवळ्याच्या मागच्या टेकड्या, पावसाळा संपला की मावळात कुठंतरी. राहतो हडपसरला. म्हणजे सायकल गाडीच्या टपावर टाकायची, तासभर ट्रॅफिकमधून शहर ओलांडायचं, दीड तास खाली-वर करायचं आणि पुन्हा टपावर. गेल्या गणपतीत मनगट मुरगळलं (स्वतःच्या मस्तीनं, तपशील नकोत). डॉक्टर म्हणाले दोन महिने उड्या बंद. सायकल बंद असंच त्यांना म्हणायचं असणार, पण मी सोयीचा अर्थ घेतला.

मित्राची ग्रॅव्हल बाइक (कच्च्या रस्त्यासाठीची, खाली वळलेल्या हँडलची सायकल) त्याच्या गॅलरीत पडून होती. "धूळच खायचीय तर बाहेर जाऊन खाऊ दे" म्हणत त्यानं दिली. डिसेंबरभर तीच चालवली. काय वाटलं ते लिहितो, जाणकारांनी भर घालावी.

पहिला आठवडा शिव्या घालण्यात गेला. एमटीबीवर माझे टायर २.३५ इंची, म्हणजे साठ मिमीच्या आसपास, पुढे १२० मिमी दबणारा फोर्क. हिच्यावर ४० मिमीचे टायर आणि फोर्क नुसता कार्बनचा डांब. मांजरी-वाघोलीच्या बाजूला एका ताज्या खडीवर घातली आणि दात मोजत बाहेर आलो. घरी येऊन बघतो तर हवा ५५ पीएसआय! मित्रानं डांबरी रस्त्याच्या हिशेबानं भरून ठेवलेली. टायर ट्यूबलेस आहेत, माझं वजन ७४. उतरवत उतरवत पुढे ३०, मागे ३३ वर आलो तेव्हा कुठं सायकल माणसात आली. नव्यानं घेणाऱ्यांनी हे एवढं वाचून धागा बंद केला तरी चालेल.

मग २८ डिसेंबरला मोठी फेरी मारली. पहाटे पाचला घरातून निघालो. घरातून! टप नाही, पट्टे नाहीत, "दाराला ओरखडा पडला का बघ" नाही. दिवे घाटातून सासवड, तिथून परिंच्यावरून वीर. वीर धरणापासून नीरा डावा कालवा निघतो, त्याच्या काठानं पाटबंधारे खात्याचा मुरमाचा रस्ता आहे. तो धरून नीरा गावापर्यंत आणि परतीला वाल्हे-जेजुरीवरून घर. १४० च्या थोडं पुढं गेलं अंतर. एमटीबीवर माझी आजवरची धाव बावन्न.

आता मुद्द्याचं. सगळे म्हणतात ग्रॅव्हल म्हणजे निवांत. कसलं निवांत! डोंगरात चढ मारला की उतार मिळतो आणि उतारावर पाय मोकळे असतात. भीती वाटते, हात दुखतात, पण पायांना सुट्टी असते. कालव्याला उतार नसतोच. पाणी सरकेल एवढाच तो ठेवलेला, सायकलला काही कळत नाही. म्हणजे दोन-तीन तास एकसारखं पायडल मारत राहायचं. थांबलात की सायकल थांबली. माझ्या मांड्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट, जी मला अजून नीट सांगता येत नाही. एमटीबीवर माझी नजर कायम पुढच्या तीन-चार मीटरवर असते. दगड, मूळ, वळण, दगड. सहा वर्षांत मी लवळ्याच्या टेकडीवरचा प्रत्येक दगड ओळखतो, पण तिथं झाडं कुठली आहेत विचाराल तर गप्प. कालव्यावर रस्ता अर्धा किलोमीटर आधी दिसतो. डोळ्यांना कामच उरत नाही, ते आपोआप बाजूला जातात. उसाला तोड लागलेली, कोप्या पडलेल्या, एका बांधावर बाई चुलीवर भाकरी टाकतेय आणि शेजारी पोरगं ट्रॉलीच्या सावलीत झोपलंय. कालव्याच्या भरावावरून जाताना आपण शेतापेक्षा उंच असतो, त्यामुळे मळ्यात मळा दिसत जातो. दोन तासांनी लक्षात आलं की मी सायकलकडे बघितलंच नाहीये.

आणि नेमका तेव्हाच पडलो. एक चारी रस्ता ओलांडून जाते, तिच्या तोंडाशी वाळूमिश्रित भुसभुशीत माती. सवयीनं ढुंगण मागं टाकलं, हात सरळ केले. पुढचं चाक हलकं झालं आणि लोण्यातून सुरी जावी तसं आडवं गेलं. गुडघा सोलला, बाकी काही नाही. मोटर चालू करायला आलेले एक काका दुरून बघत होते. म्हणाले, "हितं समदेच पडत्यात. काल आमचा मेव्हणा पडला, फटफटी घिऊन." तेवढं ऐकून बरं वाटलं.

प्रश्न असा: माझ्याकडे जुनी हार्डटेल (फक्त पुढे शॉक असलेली एमटीबी) पडून आहे. तिलाच बारीक टायर लावून भागेल, की खरंच वेगळी सायकल घ्यावी? बायकोनं अजून हा धागा वाचलेला नाही.

---

चेनतेल
६ जानेवारी, रात्री १०:३१

मनगट मुरगळलंय आणि कार्बनचा डांब घेऊन खडीवर? धन्य आहात.

पडण्याचं कारण तुम्हीच लिहिलंय. एमटीबीचा हेड अँगल (फोर्कच्या नळीचा जमिनीशी कोन) हल्ली ६६-६७ अंश असतो, पुढचं चाक लांब पुढं गेलेलं. मागं बसलात तरी ते आपलं काम करतं. ग्रॅव्हलचा ७०-७१ च्या घरात. चाक तुमच्या खाली आलेलं, त्याला वजन लागतं. भुसभुशीत जागी मागं पळायचं नाही. कोपर वाकवायचं, छाती थोडी खाली, हात ड्रॉपवर (हँडलच्या खालच्या वळणावर), आणि हँडल घट्ट न धरता चाकाला जरा नाचू द्यायचं. ब्रेक आधी मारून मोकळं व्हायचं.

उतारावरही हूडवरून (ब्रेक लिव्हरच्या वरच्या मुठीवरून) ब्रेक मारत असाल तर सोडा ती सवय. ड्रॉपवरून बोटं लिव्हरच्या टोकाशी पडतात, निम्म्या जोरात काम होतं.

हार्डटेलबद्दल: चालेल. आधी तेच करा. १.७५ किंवा २ इंची कमी नक्षीचे टायर घाला, फोर्कला लॉकआउट (दबणं बंद करायची कळ) असेल तर तो लावा. तीन महिन्यांनी हाताला वेगवेगळ्या जागा हव्याशा वाटल्या तर ड्रॉप हँडलची घ्या. नाही वाटल्या तर पाऊण-एक लाख वाचले.

---

सावली
६ जानेवारी, रात्री ११:१२

छान लिहिलंय. "सायकलकडे बघितलंच नाही" हे वाचून हसू आलं, कारण मी उलट्या बाजूनं आले. रोडवरून ग्रॅव्हलवर. मला पहिल्यांदा रस्त्याकडे बघावं लागलं!

गियरचा मुद्दा राहिला. उतारप्रेमी, तुमच्या एमटीबीला पुढे ३२ आणि मागे ५१ दाती असेल ना? म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक ०.६३ फेरा. माझ्या ग्रॅव्हलला पुढे ४० आणि मागे ४२, म्हणजे ०.९५. दिवे घाटात काही वाटत नाही, पण पाबे घाटाच्या बाजूला वाडीवर जाणारा एखादा सिमेंटचा रस्ता लागला की मी उतरून ढकलते. लाज वाटत नाही आता. पुढची ३८ ची चकती मागवलीय.

दुसरं म्हणजे हात बधिर होणं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. तीन तासांनंतर चहाचा कप धरता येईना. सीट जरा मागं, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) एक नंबर आखूड, जाड टेप, आणि दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदलायची. यातलं शेवटचं फुकट आहे आणि तेच सगळ्यात जास्त कामी आलं.

आणि एकटीनं कालव्यावर जाण्याबद्दल कुणी विचारण्याआधीच सांगते: जाते. पण सुगीच्या दिवसात, माणसं शेतात असताना. भर दुपारी नाही. आणि फाटा फुटेल तिथं डांबरीवर कुठून निघता येईल ते आधी उपग्रहाच्या नकाशावर बघून ठेवते. पंक्चरपेक्षा मला मेंढरांच्या वाड्यावरच्या कुत्र्यांची धास्ती. सायकलवरून उतरायचं, सायकल मध्ये धरायची, धनगराला हाक मारायची. पळवली की मेलात.

---

पाटकरी
७ जानेवारी, सकाळी ७:०५

आमच्या दारातून जातो हा कालवा. चार शब्द शेतकऱ्याच्या बाजूनं.

तो रस्ता सायकलसाठी नाही, खात्याचा निरीक्षणाचा रस्ता आहे. आम्हीही त्यावर ट्रॅक्टर घालतो ते शेत पलीकडं आहे म्हणून. आवर्तन (शेतीला पाणी सोडायची पाळी) सुटलेलं असलं की पाणी काठोकाठ असतं, पाण्याला ओढ असते आणि भराव निसरडा. सायकलवर फोटो काढत जाऊ नका. रस्त्यात आडव्या पाइपा दिसल्या तर उतरून सायकल उचला, पाइपेवरून उडी मारली की सांधा सुटतो आणि मग ज्याची मोटर आहे तो रात्रभर चिखलात.

उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर समोरून आला तर तुम्हीच कडेला व्हायचं. त्याला थांबता येत नाही, मागं तर मुळीच घेता येत नाही. गाणी मोठ्यानं लावलेली असतात, घंटी ऐकू जायची नाही.

अवांतर: कालव्याच्या अस्तरीकरणाचं काम जिथं निघतं तिथं रस्ता रोलर फिरवून गुळगुळीत होतो. सायकलवाले खूश. आम्ही नाही. आमच्या विहिरी पाझरावर आहेत. सिमेंट झालं की पाझर बंद. तेव्हा "वा काय रस्ता केलाय" असं बांधावर उभं राहून म्हणू नका, कुणीतरी मारेल.

---

उतारप्रेमी
७ जानेवारी, सकाळी ९:२०

@पाटकरी, पाइपेचं लक्षात ठेवतो. एका ठिकाणी उडी मारलीय मी. तुमची नसावी अशी आशा.

@सावली, ३२-५१ च आहे. हिशेब बघून चढ का लागला ते कळलं. मला वाटलेलं वय झालं.

@चेनतेल, मनगटाचं म्हणाल तर गंमत आहे. हवा कमी केल्यावर आणि हूडवर हात टेकवल्यावर मनगट सरळ राहतं. हँडशेक करतो तसं. सपाट हँडलवर ते वाकायचं. डॉक्टरांना सांगितलं नाही.

---

कॅन्ससकर
७ जानेवारी, रात्री ८:४८

इथून थोडी भर. मी राहतो तिथून अमेरिकेतल्या कॅन्ससमधलं एम्पोरिया दोनेक तासांवर. ग्रॅव्हलवाल्यांची पंढरी म्हणा. २००६ साली ३४ जण २०० मैलांच्या शर्यतीला उभे राहिले, तीच आता अनबाउंड ग्रॅव्हल. ३२२ किलोमीटर, जवळजवळ सगळं कच्चं. ज्या टेकड्यांमधून जाते त्यांचं नाव फ्लिंट हिल्स, मराठीत चकमकीच्या टेकड्या. जमिनीच्या वरच्या थरातच चकमकीचे दगड, त्यामुळे नांगर चालला नाही आणि गवताळ माळ शिल्लक राहिला. नांगर चालू न देणारा दगड टायर काय चालू देणार? धारदार असतो, बाजूची भिंतच कापतो. रस्ते मात्र सरळ, मैला-मैलावर काटकोनात.

२०२३ च्या शर्यतीत सुरुवातीलाच चिखलाचा पट्टा लागला. मी बघायला गेलो होतो. जगातले भारीतले सायकलवाले सायकल खांद्यावर टाकून गवतातून चालतायत आणि हातात रंग ढवळायची लाकडी पट्टी! चाक आणि फोर्कच्या मधला चिखल खरवडायला. जिंकला कीगन स्वेन्सन, मूळचा एमटीबीवाला. उतारप्रेमी, तुमच्याच जातीचा. त्याआधी २०२२ मध्ये इटलीत व्हेनेतो भागात पहिली जागतिक ग्रॅव्हल अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिथं बायकांत पोलीन फेरां-प्रेव्हो जिंकली, तीही त्याच वर्षीची एमटीबी क्रॉसकंट्रीची जगज्जेती. तेव्हा उड्या वाया जात नाहीत.

तो चिखल बघून मला मात्र गावची आठवण आली. सोलापूरकडची आमची काळी.

---

चेनतेल
७ जानेवारी, रात्री ९:१५

काळीचा विषय निघालाच आहे तर, कृपा करून पावसाळ्यात काळ्या रानातल्या पाणंदीत ग्रॅव्हल बाइक घालू नका. मुरूम पाणी पिऊन मोकळा होतो, तासाभरात चालवण्याजोगा. काळी चाकाला धरते, मग खडा धरते, मग गवत धरते. वीस पावलांत चाक फिरायचं थांबतं. त्या वेळी जो जोर लावतो त्याचा डेरेलर (मागचे गियर बदलणारा भाग) चाकात जातो आणि तो जिच्यावर टांगलेला असतो ती पट्टी, म्हणजे हँगर, तुटतो. मी लावलाय. सुप्याच्या अलीकडे सहा किलोमीटर सायकल खांद्यावर. सायकल दहा किलोची, चिखल तेवढाच.

चिखल लागला की लगेच उतरायचं, पायडल मारायचं नाही. एवढाच नियम. आणि जास्तीचा हँगर पिशवीत, तो प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, कुठल्याही दुकानात मिळत नाही. एका दुकानदारानं मला "हाच बसतो" म्हणून दिलेला, बसला नाही. अजून घरात आहे, कुणाला हवा असेल तर सांगा.

---

नुसता वाचक
८ जानेवारी, दुपारी १२:४०

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. ग्रॅव्हल म्हणजे नक्की कुठला रस्ता? आमच्या गावात "खडीकरण व डांबरीकरण" अशी पाटी लावून चार वर्षं झाली, खडीकरणच झालंय. चालेल का?

---

सावली
८ जानेवारी, दुपारी १:०२

@नुसता वाचक, फक्कड प्रश्न. त्याच पाटीवर आमचा खेळ चालतो. कंत्राटदार जिथं थांबतो तिथून आम्ही सुरू होतो.

पण गंभीरपणे: नुसती अंथरलेली खडी सगळ्यात वाईट. आपला दगड काळा बसाल्ट, क्रशरमधून नुकता आलेला, कोपरे जागेवर. दाबला जात नाही, हलत राहतो. त्याच खडीवर मुरूम पडून दोन पावसाळे बैलगाड्या-ट्रॅक्टर फिरले की तो रस्ता रेशमासारखा होतो. जास्त गाड्या जोरात गेल्या की पत्र्यासारख्या पन्हाळ्या पडतात, तिथं मात्र आतडी हलतात. पाणंद, शिवरस्ता, कालव्याचा रस्ता, माळावरची गाडीवाट, या क्रमानं मला आवडतं. तुमच्या गावचा रस्ता चार वर्षांत मुरला असेल तर पत्ता कळवा.

---

पंक्चरपुराण
८ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

काट्यांवर कुणीच बोललं नाही याचं आश्चर्य वाटलं. माळावर सराटे, कालव्यावर बाभूळ. मेंढरांसाठी बाभळीच्या डहाळ्या तोडतात, शेंगा-पाला संपतो, काटे रस्त्यावर राहतात. ट्यूब असेल तर एका फेरीत चार-पाच पंक्चर धरून चाला. ट्यूबलेसच हवं. पण सीलंट (टायरातलं भोक बुजवणारं पातळ रसायन) आपल्या उन्हात दोन-तीन महिन्यांत सुकतं. टायर हलवून बघा, आत खळखळ ऐकू आली पाहिजे. मित्राची सायकल गॅलरीत पडून होती म्हणता, उतारप्रेमी, त्यात सीलंट उरलंय का बघितलं का?

आणि काटा दिसला की उपटू नका! आत राहू द्या, घरी जाऊन बघा.

---

उतारप्रेमी
८ जानेवारी, संध्याकाळी ७:११

आत्ता जाऊन हलवून बघितली. आवाज नाही. मागच्या टायरात सात काटे मोजले. १४० किलोमीटर मी नशिबावर चालवली म्हणायची.

एक उपटून बघितला. नको होता उपटायला.

---

चोवीस इंची आजोबा
८ जानेवारी, रात्री ९:००

तुमचा धागा नातवानं दाखवला. मौज वाटली.

आम्ही १९६८ ते ७१ याच भागात रोज चौदा किलोमीटर हायस्कूलला जायचो. चोवीस इंची फ्रेम, मागं कॅरिअरला डबा, कधी धाकटा भाऊ दांडीवर. रस्ता डांबरी नव्हताच, तेव्हा "कच्चा रस्ता" असंही कुणी म्हणत नसे, रस्ता म्हणत. गियर एक. चढ आला की उतरायचं, ते सर्वांना माहीत होतं.

हे ४० मिमी टायरचं तुम्ही नवलानं लिहिता म्हणून आज सकाळी माझी जुनी सायकल अडगळीतून काढून टायरवरचा आकडा वाचला. २८ × १½. दीड इंच म्हणजे ३८ मिमी, आणि बारीक अक्षरात शेजारी चक्क ४०-६३५ छापलंय. नातू म्हणतो त्यातले ४० म्हणजे रुंदी. म्हणजे दूधवाला, पोस्टमन आणि आमचे गणिताचे मास्तर हे सगळे तुमच्या भाषेत ग्रॅव्हलवाले होते. मास्तर तर धोतरात.

हवा किती भरायची याचं माप अंगठा. टायर दाबला तर थोडा दबला पाहिजे, अंगठा दुखता कामा नये. पीएसआय नंतर आलं.

---

कॅन्ससकर
८ जानेवारी, रात्री ९:४४

आजोबा __/\__
धागा इथंच जिंकलात.

---

चेनतेल
८ जानेवारी, रात्री १०:०५

+१. आणि अंगठ्याचं माप बरोबर आहे. मी मघाशी माझ्या टायरवर दाबून बघितलं. गेज ३१ दाखवतंय.

---

पाटकरी
९ जानेवारी, सकाळी ६:४०

शनिवारी येताय का कुणी? आवर्तन चालू नाही, रस्ता कोरडा आहे. शाळू हुरड्यावर आलाय. नीऱ्याच्या अलीकडं कालव्याच्या दुसऱ्या पुलावर थांबतो. पाइपेचा हिशेब तिथंच करू, @उतारप्रेमी.

---

उतारप्रेमी
९ जानेवारी, सकाळी ८:१५

येतो! हडपसरहून पहाटे पाचला निघणार, ज्यांना यायचं त्यांनी दिवे घाटाच्या पायथ्याशी साडेपाचला भेटा. सीलंट काल भरलंय. हार्डटेलला २ इंची टायर मागवलेत, ते येईपर्यंत मित्राचीच. बायकोनं धागा वाचला. ती म्हणाली, आजोबांची सायकल विकायची आहे का विचार.

---

चोवीस इंची आजोबा
९ जानेवारी, सकाळी ९:३०

विकायची नाही. बसून बघायला या म्हणावं. माझ्या सायकलला स्टँड आहे, तुमचीला टेकवायला भिंत लागेल. आमच्या अंगणात भिंत नाही, शेवग्याला टेकवा.